विकास सोसायटी कशी वाढवावी, कशी टिकवावी : सातारा-सांगलीच्या पीकपद्धतीनुसार कर्ज, वसुली आणि स्वनिधी

गावची विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, म्हणजेच आपली विकास सोसायटी, ही सभासदांच्या मालकीची पतसंस्था आहे. ती अडचणीत आली की थकबाकीदाराबरोबर वेळेवर कर्ज फेडणाऱ्या सभासदाचेही पीककर्ज अडते. मग बियाणे-खतासाठी दुकानदाराची उधारी किंवा सावकाराचे व्याज एवढाच मार्ग उरतो. सोसायटीच्या बहुतेक अडचणी वसुलीच्या वेळी दिसतात, पण त्यांची सुरुवात कर्जवाटपाच्या वेळी झालेली असते. कर्जाची रक्कम, उचल आणि परतफेड पिकाच्या वेळापत्रकाशी जुळली, तर वसुली सोपी होते. त्यासाठी सभासद, संचालक, सचिव आणि कृषी विस्तार कार्यकर्ते यांनी काय पाहावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

पार्श्वभूमी

दख्खनमधील शेतकऱ्यांची सावकारी कर्जातून सुटका करण्यासाठी १८७९ मध्ये इंग्रज सरकारने दख्खन शेतकरी मदत कायदा केला. तो ज्या चार जिल्ह्यांसाठी होता, त्यांत पुणे, नगर आणि सोलापूरबरोबर साताराही होता. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होते. कायद्याने सावकाराला वेसण घातली, पण हंगामाला लागणारे भांडवल दिले नाही. ती सोय १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने सुरू झाली. मुंबई इलाख्यातील पहिली शेती पतसंस्था १९०५ मध्ये तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे निघाली.

तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के आढळला. कर्ज आणि शेतमालाची विक्री एकमेकांना जोडावी, अशी शिफारस त्यानंतर झाली. कृष्णाकाठच्या सहकारी साखर कारखान्यांमुळे ही जोडणी सातारा-सांगलीत प्रत्यक्षात आली. ऊस कारखान्याला, कपात बिलातून आणि भरणा सोसायटीत, ही पद्धत आजही ऊसपट्ट्यातील वसुलीचा कणा आहे.

सोसायटीचा पैसा कसा फिरतो

नाबार्ड, राज्य सहकारी बँक, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, विकास सोसायटी आणि सभासद, अशी ही साखळी आहे. सोसायटी जिल्हा बँकेकडून कर्ज घेते आणि सभासदांना वाटते. सभासदाचे क्षेत्र, पीक आणि जिल्ह्याच्या तांत्रिक समितीने ठरवलेला पीककर्ज दर यांवरून कमाल मर्यादा पत्रक, म्हणजे क. म. पत्रक तयार होते. त्यानुसार मंजुरी मिळते.

सोसायटीचे उत्पन्न म्हणजे बँकेचा व्याजदर आणि सभासदाचा व्याजदर यांतील थोडासा फरक. समजा, हा फरक २ टक्के आहे आणि वाटप १ कोटी रुपये आहे. वसुली पूर्ण झाली तरी वर्षाला २ लाख रुपयेच हाती येतात. सचिवाचा पगार, छपाई, वीज, लेखापरीक्षण शुल्क हे सर्व त्यातूनच भागवावे लागते. म्हणून केवळ पीककर्जावर चालणारी लहान सोसायटी एखाद्या खराब हंगामातही तोट्यात जाते.

अनिष्ट तफावत ओळखा

सभासदांकडून सोसायटीला येणे असलेल्या कर्जापेक्षा सोसायटीचे बँकेला देणे जास्त झाले, की त्या फरकाला अनिष्ट तफावत म्हणतात. समजा, सभासदांकडे येणे ८० लाख आणि बँकेचे देणे ९५ लाख आहे. सर्व सभासदांनी पै न् पै भरली तरी १५ लाख कमीच पडतात. हा फरक पुढील कारणांनी वाढतो :

- थकीत कर्जावर सभासद व्याज भरत नाही, पण बँक सोसायटीवर व्याज आकारत राहते.
- वसूल झालेली रक्कम बँकेत भरण्याऐवजी संस्थेच्या खर्चासाठी वापरली जाते.
- धान्य, खत किंवा इतर व्यवसायातील तोटा कर्जखात्याच्या पैशातून भरला जातो.
- वसूल होण्यासारखे नाही, त्या व्याजालाही उत्पन्न धरून नफा दाखवला जातो आणि लाभांश वाटला जातो.

ताळेबंदात हा फरक शोधायला दोनच आकडे लागतात : सभासदांकडून येणे कर्ज आणि बँकेचे देणे कर्ज. वार्षिक सभेत प्रत्येक सभासदाने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. फरक दर वर्षी वाढत असेल, तर लाभांशाच्या टक्क्यांपेक्षा त्यावर आधी चर्चा व्हावी.

पिकानुसार उचल आणि परतफेड

केंद्राच्या योजनेत ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्के दराने मिळते. वेळेत फेडल्यास ३ टक्के सवलत मिळून तो दर ४ टक्के होतो. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे राज्यात वेळेत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतचे कर्ज शून्य टक्क्याने पडते. केंद्राची सवलत जास्तीत जास्त एक वर्षासाठी आहे. आपली सर्व पिके मात्र वर्षात पैसे देत नाहीत. अडचण नेमकी येथे येते.

आडसाली ऊस : जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला ऊस तुटतो पुढच्या वर्षी नोव्हेंबर ते जानेवारीत. जूनमध्ये घेतलेल्या कर्जाचे वर्ष संपते, तेव्हा ऊस शेतातच उभा असतो. त्यामुळे सर्व क्षेत्र एकाच वेळी आडसालीखाली आणू नये. काही क्षेत्र सुरू उसाचे किंवा खोडव्याचे ठेवावे, म्हणजे दर गाळप हंगामात एक बिल हाती येते. आडसालीत सोयाबीन किंवा भुईमुगाचे आंतरपीक घेतल्यास दिवाळीच्या आसपास पैसे येतात. खताची रक्कम लागणीलाच न उचलता बाळबांधणी, मोठी बांधणी अशा टप्प्यांनी उचलावी.

सोयाबीन (कराड, पाटण, वाळवा) : साधारण १०० ते ११० दिवसांत पैसे देणारे पीक. विक्रीनंतर लगेच भरणा करून घ्यावा. दरवाढीसाठी माल ठेवायचा असेल, तर वखार पावतीवरील तारण कर्ज घेऊन पीककर्ज वेळेत भरावे.

हळद (सांगली, मिरज, वाळवा) : एप्रिल-मे ते जून या काळात लागण, जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. शिजवणे, वाळवणे, पॉलिश आणि सांगली बाजारातील विक्री धरून मार्चअखेरची मुदत अनेकांना तोकडी पडते. निदान काही माल लवकर तयार करून विकावा.

आले (सातारा, कोरेगाव) : दर नसेल तर पीक जमिनीत ठेवण्याची सोय आहे, पण कर्जाची मुदत थांबत नाही. मुदतीपूर्वी कर्जापुरते क्षेत्र काढावे, उरलेले दराची वाट पाहत ठेवावे. कंदकुज दिसत असल्यास पीक ठेवण्याचा धोका घेऊ नये.

द्राक्ष व बेदाणा (तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ) : ऑक्टोबर छाटणीनंतरचा औषधांचा खर्च सर्वांत मोठा असतो. द्राक्षाचे पैसे जानेवारी ते एप्रिलमध्ये येतात. बेदाणा शीतगृहात गेला तर वर्षभरात केव्हाही येतात. बेदाण्यातील पहिल्या सौद्याची रक्कम पीककर्जासाठी राखून ठेवावी. व्यापाऱ्याकडे पैसे अडकण्याचा धोका असल्याने उधारीवर माल देताना कर्जाची रक्कम रोखीने घ्यावी.

ज्वारी-बाजरी (माण, खटाव, जत, आटपाडी) : येथे पाऊसच परतफेड ठरवतो. कारखान्याची कपात नाही. दूध बिल दर दहा दिवसांनी येते, त्यातून ठरावीक रक्कम बचत खात्यात वळवली तर मार्चमध्ये मोठी रक्कम एकदम उभी करावी लागत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी क. म. पत्रकातील पीक आणि शेतातील पीक एकच आहे का, हे ई-पीक पाहणीच्या नोंदीवरून सचिवाला पडताळून द्यावे. ज्वारीच्या रानावर उसाचे कर्ज उचलले गेले, तर ते फिटणार नाही हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते.

कपातीतील पळवाटा आणि ‘नवे-जुने’

ऊस दर नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने ऊस गाळपाला आल्यापासून १४ दिवसांत रक्कम द्यायची असते. बिल लांबले की सोसायटीची वसुलीही लांबते. दुसरी पळवाट म्हणजे थकबाकीदार सभासद भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या नावावर ऊस घालतो, किंवा करार नसलेल्या कारखान्याला देतो. गावच्या ऊसनोंदीची यादी आणि कर्जदारांची यादी सचिवाने तोडणी सुरू होण्याआधी, ऑक्टोबरमध्येच जुळवून घ्यावी.

मार्चअखेर चार-आठ दिवसांसाठी हातउसने घेऊन जुने कर्ज भरायचे आणि नवे उचलून उसने परत करायचे, याला ‘नवे-जुने’ म्हणतात. कागदावर वसुली शंभर टक्के दिसते, पण पिकातून एक रुपयाही आलेला नसतो. त्या चार दिवसांचे सावकारी व्याज सभासदाच्याच अंगावर पडते आणि नवे कर्ज शेतीपर्यंत पोहोचत नाही. ज्या सभासदाचे सलग दोन वर्षे नवे-जुने झाले, त्याच्या पीकनियोजनाकडे संस्थेने लक्ष द्यावे. पीक खरोखर बुडाले असेल आणि शासनाने टंचाई किंवा आपत्ती जाहीर केली असेल, तर कर्जाचे रूपांतर किंवा पुनर्गठन मागावे. ते उघड असते आणि हिशेबात दिसते.

कर्जमाफी आणि वसुली

२०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंत, तर २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत २ लाखांपर्यंतच्या थकीत कर्जाला लाभ मिळाला. नियमित फेडणाऱ्यांसाठी पहिल्या योजनेत २५ हजारांपर्यंत आणि दुसरीत ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन होते. कर्जमाफीने अनेक कुटुंबांना खरा आधार दिला, सोसायट्यांची जुनी थकबाकीही निघाली. पण पुढच्या माफीच्या आशेने हप्ता थांबवणाऱ्याची व्याज सवलत जाते, सर्वसाधारण दराने व्याज चढते आणि पुढच्या हंगामाचे कर्ज बंद होते. योजना येईल की नाही, कोणत्या तारखेची थकबाकी धरली जाईल, हे आपल्या हातात नसते.

स्वनिधी वाढवा

कायद्याने निव्वळ नफ्यातील किमान २५ टक्के रक्कम राखीव निधीला न्यावी लागते आणि लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. टिकणारी संस्था नफा चांगला झाला तरी लाभांश बेताचा ठेवते आणि राखीव व बुडीत कर्ज निधी वाढवते.

ठेवींच्या बाबतीत माण तालुक्यातील म्हसवडचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. १९९७ मध्ये तेथे माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. संस्थापक महिला निरक्षर असल्याने रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता. महिलांनी अक्षरओळख आणि हिशेब शिकून पुन्हा मागणी केली आणि परवाना मिळवला. आठवडी बाजारात बसणाऱ्या महिलेला कामाचा दिवस मोडून बँकेत येणे परवडत नाही, म्हणून बचत तिच्या दारात जाऊन गोळा करण्याची पद्धत ठेवली. दुष्काळी तालुक्यातही लहान बचतीवर संस्था उभी राहते, हे यातून दिसते.

मात्र ठेवी घेताना एक गोष्ट सभासदांना स्पष्ट सांगावी. डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांना ५ लाखांपर्यंतच्या ठेव विम्याचे संरक्षण होते. असे संरक्षण विकास सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या ठेवींना नाही. म्हणून सोसायटीने ठेवीतील पुरेसा भाग जिल्हा बँकेत परत मिळण्याजोगा ठेवावा, आणि अल्पमुदतीच्या ठेवीतून इमारत किंवा दीर्घ मुदतीचे कर्ज करू नये.

खत-बियाणे विक्री, गोदाम, अवजारे भाड्याने देणे, सुविधा केंद्र असे व्यवसाय करण्यास २०२३ च्या आदर्श उपविधींमुळे वाव वाढला आहे. प्रत्येक व्यवसायाचे नफा-तोटा पत्रक वेगळे ठेवावे आणि खत उधारीवर विकू नये.

सभासदांची जबाबदारी

- एक सभासद, एक मत. भाग कितीही असले तरी मत एकच. थकबाकीदार संचालक अपात्र ठरतो, हे उमेदवारी देतानाच पाहावे.
- वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी होते. तिला जावे, ताळेबंद आणि लेखापरीक्षणाचा दोष दुरुस्ती अहवाल मागावा. कलम ३२ नुसार सभासदाला ठरावीक कागदपत्रे पाहता येतात.
- भरणा केल्यावर पावती घ्यावी आणि कर्जखात्याचा उतारा वर्षातून दोनदा तपासावा.
- जाणीवपूर्वक थकवणाऱ्यावर कलम १०१ खाली वसुली दाखला घेताना संचालकाचा नातेवाईक आणि सामान्य सभासद यांत फरक करू नये. एकाला सूट मिळाली, तर पुढच्या हंगामात आणखी दहाजण भरणा थांबवतात.

वर्षाचे कामकाज

- एप्रिल-मे : क. म. पत्रक, पीक पडताळणी, नवीन सभासदांचे प्रस्ताव.
- जून ते ऑगस्ट : टप्प्यांनी उचल, पीकविम्याची मुदत सभासदांना कळवणे.
- सप्टेंबर : वार्षिक सभा. ऑक्टोबर : ऊसनोंद आणि कर्जयादी जुळवणे, सोयाबीनचा भरणा.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी : ऊस बिलांची कपात दर पंधरवड्याला तपासणे, अडचणीतील सभासदांना घरी जाऊन भेटणे.
- मार्च : भरणा, खाते उतारे, येणे-देणे कर्जाची तुलना. ही तुलना गावच्या फलकावर लावावी.