दमास्कस सुरी म्हणजे काय? ती कशी घडवतात आणि खरी कशी ओळखायची?

दमास्कस सुरी म्हणजे पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी असलेली सुरी. ही नक्षी रंगवलेली किंवा कोरलेली नसते. दोन वेगळ्या पोलादांचे थर तापवून, ठोकून एकजीव केल्यामुळे ती पात्याच्या अंगातच तयार होते. बाजारात मात्र या नावाखाली साध्या पात्यावर छापलेली नक्षीही विकली जाते, म्हणून घडण समजून घेतलेली बरी.

नाव एक, पोलाद दोन

जुने दमास्कस पोलाद मुळात दक्षिण भारतातले. तेलंगणातील कोनासमुद्रम यांसारख्या गावांत बंद मुशीत लोखंड आणि कार्बनयुक्त पदार्थ वितळवून ‘वुट्झ’ पोलाद बनवत. त्याचे गोळे इराण आणि अरब प्रदेशात जात. त्यातली नक्षी थरांमुळे नव्हे, तर गोळा थंड होताना आणि नंतर घडवताना कार्बाइडचे कण रांगेत बसल्यामुळे उमटे. व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश त्याला कारणीभूत असल्याचे व्हरहोव्हेन आणि पेंड्रे यांनी १९९०च्या दशकात दाखवले.

आज मिळणारी बहुतेक दमास्कस सुरी थरांची असते. ही रीतही जुनी आहे. युरोपात व्हायकिंगांच्या काळात तशा तलवारी बनत. आधुनिक सुऱ्यांत तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकन कारागीर विल्यम मोरान यांनी १९७३ मध्ये अशा सुऱ्या मांडल्यावर.

रायगडच्या लोहाराला यातले काय ओळखीचे आहे?

पेण, रोहा हा भाताचा मुलूख. भातकापणीचा विळा, फाटी तोडायचा कोयता, कुऱ्हाड ही इथली रोजची हत्यारे. ट्रकच्या जुन्या पाट्यापासून कोयता घडवणे, धार बसल्यावर ‘पाणी देणे’ हे लोहारकामात नेहमीचेच. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिथे, चौलच्या बंदरात, सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. युरोपी पात्याला देशी मूठ बसवलेल्या तलवारीला मराठी मुलखात ‘फिरंग’ म्हणत, ते नाव याच परकीय व्यापाराची आठवण आहे. भाता, ऐरण, घण, सांडशी ही साधने दमास्कस सुरीलाही तीच लागतात. फरक आहे तो थर जोडण्याच्या कामात.

घडवण्याच्या पायऱ्या

१. थर रचणे: साधारण ०.९५ टक्के कार्बनचे ‘१०९५’ आणि सुमारे २ टक्के निकेलचे ‘१५एन२०’ या पोलादाच्या पट्ट्या घासून स्वच्छ करतात आणि आलटूनपालटून रचतात.

२. जोडणे: गठ्ठा भट्टीत पिवळाजर्द होईपर्यंत, म्हणजे साधारण ११०० ते १२५० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. वर टाकणखार टाकतात. तो वितळून गंज दूर ठेवतो आणि पृष्ठभाग एकमेकांना चिकटू शकतात. मग हलक्या, भराभर ठोक्यांनी थर जोडतात.

३. दुमडणे: गठ्ठा लांबवून, छिन्नीने कापून पुन्हा एकावर एक ठेवतात. ७ थरांपासून सुरुवात केली तर पाच दुमडींत २२४ थर होतात. पीळ दिला किंवा खाचा पाडून ठोकले, की नक्षी बदलते.

४. पाणी देणे: आकार दिलेले पाते ८०० अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवतात. चुंबक चिकटेनासा झाला, की ते तापमान जवळ आले हे कळते. असे पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून ते २०० अंशांच्या सुमारास एकदोन तास पुन्हा तापवतात.

५. नक्षी उमटवणे: पॉलिश केलेले पाते फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवतात. १०९५ काळे पडते, निकेलचे थर चमकत राहतात.

एखादाही जोड कच्चा राहिला तर पाते वापरताना उकलू शकते. गरम तेल पेटू शकते आणि जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत घातल्यास विषारी धूर होतो. म्हणून हे काम शिकाऊ माणसाने एकट्याने करू नये.

नक्षी म्हणजे ताकद का?

नाही. जोडताना कार्बन एका थरातून दुसऱ्यात पसरतो, त्यामुळे कठीण आणि मऊ थरांचा फरक बराचसा मिटतो. निकेल मात्र फारसे हलत नाही, म्हणून नक्षी टिकते. धार ठरते ती पोलाद कोणते आणि पाणी कसे दिले यावर.

घेताना आणि वापरताना

- पात्याची पाठ पाहा. खऱ्या पात्यात थरांच्या रेषा पाठीवरूनही जातात. छापलेली नक्षी कडेपाशी तुटते.
- पोलाद कोणते, हे विक्रेत्याला विचारा. खरा कारागीर ते सांगतो.
- हे पोलाद गंजते. कोकणच्या पावसाळ्यात सुरी धुऊन लगेच पुसा, पातळ तेल लावा आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका.
- शस्त्र कायदा, १९५९ आणि २०१६ च्या नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते शस्त्रांत मोडते. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली साधने यातून वगळली आहेत. शोभेसाठी मोठे पाते मागवण्यापूर्वी हे लक्षात घ्या.