आलिशान परफॉर्मन्स एसयूव्ही (दक्षिण व मध्य मुंबई)

आलिशान परफॉर्मन्स एसयूव्ही : उंच बांध्याची, चारही चाकांना ताकद देणारी, आतून दिवाणखान्यासारखी सजवलेली आणि वेगात स्पोर्ट्‌स कारची बरोबरी करणारी मोटारगाडी. पोर्शे काएन, रेंज रोव्हर स्पोर्ट, मर्सिडीज-एएमजी जी ६३, बीएमडब्ल्यू एक्स ५ एम, बेंटली बेंटायगा आणि लॅम्बोर्गिनी उरुस ही या वर्गातली ठळक नावे. मुंबईत अशा गाडीची किंमत कोटीच्या पुढेच सुरू होते. प्रस्तुत नोंदीत यंत्राची माहिती आवश्यक तेवढीच दिली असून गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांत या गाडीला जो मान मिळतो त्याचा विचार मुख्यतः केला आहे.

या वर्गाची घडण टप्प्याटप्प्याने झाली. १९७० मध्ये आलेल्या रेंज रोव्हरने शेतातून आणि चिखलातून जाणाऱ्या गाडीला सुखसोयींची जोड दिली. १९७९ मध्ये मर्सिडीजची चौकोनी जी-क्लास आली, १९९९ मध्ये बीएमडब्ल्यू एक्स ५. पोर्शेने २००२ मध्ये काएन काढली, तेव्हा स्पोर्ट्‌स कारच्या अनेक चाहत्यांना तो अपमान वाटला. पुढे त्याच गाडीच्या खपाने पोर्शेला सावरले. २०१७ च्या अखेरीस लॅम्बोर्गिनीने उरुस जगापुढे आणली आणि ११ जानेवारी २०१८ रोजी ती मुंबईत सादर झाली. शोरूम किंमत होती ३ कोटी रुपये. चार लिटरचे, दोन टर्बो असलेले व्ही-८ इंजिन, ६५० अश्वशक्ती, शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत ३.६ सेकंद, कमाल वेग ताशी ३०५ किलोमीटर. दोन टनांहून जड गाडी इतक्या वेगात आवरायची तर ब्रेकही तसेच लागतात. उरुसच्या पुढच्या चाकांत ४४० मिलिमीटर व्यासाच्या कार्बन-सिरॅमिक तबकड्या आहेत. हवेच्या सस्पेन्शनमुळे गाडी गरजेप्रमाणे वर उचलता येते किंवा खाली बसवता येते. भारतात लॅम्बोर्गिनीची विक्री २०२२ मध्ये ९२ आणि २०२३ मध्ये १०३ झाली. शंभराचा आकडा पहिल्यांदाच ओलांडला गेला, त्यात उरुसचा वाटा मोठा होता.

मुंबईचा हा पट्टा मोटारींचा केवळ ग्राहक कधीच नव्हता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये परळच्या शेजारी शिवडीत कारखाना काढला. बंदरात उतरलेल्या सुट्या भागांतून तिथे शेव्हरोले गाड्या जोडल्या जात. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने माझगावात विलीज जीप जोडायला घेतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. जीपचा धागा तर थेट आजच्या रेंज रोव्हरपर्यंत पोहोचतो, कारण १९४८ च्या पहिल्या लँड रोव्हरचा नमुना जीपच्याच सांगाड्यावर बांधला होता. २ जून २००८ रोजी टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर २३० कोटी डॉलरना विकत घेतली आणि त्या घराण्याची मालकी फोर्टमधल्या बॉम्बे हाउसमध्ये आली. मुंबईतल्या अनेक मराठी घरांत रेंज रोव्हरविषयी जो आपलेपणा दिसतो तो इथून आला आहे. जर्मन किंवा इटालियन गाडीविषयी बोलताना तो सूर लागत नाही.

या गाड्या लालबाग-परळमध्ये दिसू लागण्यामागे जमिनीचा इतिहास आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या अनेकांना परत जायला गिरणी उरली नाही. १९९१ च्या आणि २००१ मध्ये बदललेल्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी खुल्या केल्या. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, श्रीनिवास मिलच्या जागी वर्ल्ड टॉवर्स उभे राहिले, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली. टॉवरला पोडियम पार्किंग आले, पार्किंगला रॅम्प, वॉचमन आणि गाड्या धुणारी पोरे आली. शेजारची चाळ मात्र तिथेच होती. हे अंतर मोजून दाखवता येते. गिरणगावातल्या चाळीची नेहमीची दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. उरुसची लांबी ५.११ मीटर आणि आरसे सोडून रुंदी २.०२ मीटर, म्हणजे ती उभी राहिली की सुमारे १११ चौरस फूट जागा घेते. ज्या खोलीत सहा-आठ माणसांचा संसार झाला, जवळपास तेवढीच जागा एक गाडी अडवते. या भागात गाडीकडे जे टक लावून पाहिले जाते त्यात हे गणितही असते, आणि ते विसरून या गाडीच्या आकर्षणाविषयी लिहिणे प्रस्तुत लेखकाला अपुरे वाटते.

तरीही या नजरेला केवळ असूया म्हणणे चुकीचे ठरेल. चाळीत वाढलेल्या मुलाने धंद्यात जम बसवून मोठी गाडी काढली तर ती सगळ्या वाडीची बातमी असते. शिवाजी पार्कवर घडलेल्या सचिन तेंडुलकर यांची पहिली गाडी मारुती ८०० होती आणि पुढे त्यांच्या ताफ्यात उरुसही आली. दादरकर हा प्रवास घरच्या माणसाचा असल्यासारखा सांगतात. मराठी मध्यमवर्गात पैशाचा दिखाऊपणा वाईट मानायची जुनी शिस्त आहे. दादरच्या सोसायट्यांत आजही अशी घरे आहेत की ऐपत असून साधी गाडी वापरतात आणि त्याचाच अभिमान बाळगतात. पण कष्टाची गाडी दाखवण्यात लाज नाही, असे मानणारी पिढी आता पुढे आली आहे. ती बांधकाम, केटरिंग, वाहतूक, सराफी, वैद्यकीय व्यवसाय अशा क्षेत्रांत कमावते आणि गाडी घेऊन पहिल्यांदा आईवडिलांना फिरवून आणते.

गाडी घरी येण्याचा विधी ठरलेला आहे. ताबा शक्यतो दसऱ्याला, पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला घेतात. दादरच्या फूलबाजारातून झेंडूची तोरणे येतात, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फोडतात. पहिली फेरी प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला किंवा महालक्ष्मीला. चार कोटींची गाडी आणि चाळीस हजारांची जुनी स्कूटर यांची पूजा एकाच मंत्राने होते. गणेशोत्सवात हा मान सार्वजनिक होतो. गणेशगल्लीचे मंडळ १९२८ चे, लालबागच्या राजाचे १९३४ चे. दहा दिवस इथे कलावंत, क्रिकेटपटू, उद्योगपती, मंत्री दर्शनाला येतात आणि रांगेतली पोरे गाडीचे दार उघडण्याआधी इंजिनाच्या आवाजावरून मॉडेल सांगतात. गाड्यांविषयीचे हे ज्ञान विकत घ्यावे लागत नाही. प्रस्तुत वर्गातल्या गाडीची प्रतिमा घडवण्यात मालकाइतकाच या जाणकार बघ्यांचा हात आहे.

नंबर हा स्वतंत्र विषय आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या गाड्या ताडदेवच्या आरटीओत नोंदल्या जातात आणि त्यांना एमएच-०१ ही मालिका मिळते. मुंबईत तिला वेगळेच वजन आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदही ताडदेवलाच, २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून नाहीशी झाली. चॉइस नंबरसाठी राज्य सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये शुल्क वाढवले : मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी चारचाकीच्या ०००१ साठी ६ लाख रुपये आणि चालू मालिकेबाहेरचा हवा असेल तर १८ लाख. इंग्रजी आकड्यांतला ४१४१ ‘दादा’ आणि २१४ ‘राम’ असा वाचता येतो म्हणून त्यांना मागणी असे; १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एकाच ठशाची सुरक्षा पाटी आली आणि अक्षरे वाकवण्याची सोय संपली. बेरीज ९ येणारे नंबर, जन्मतारखा, लग्नाच्या तारखा यांचा आग्रह कायम आहे. सर्वांत बोलका नंबर रोहित शर्मा यांच्या निळ्या उरुसचा होता : २६४. १३ नोव्हेंबर २०१४ रोजी ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध त्यांनी एकदिवसीय सामन्यात केलेल्या या धावा आजही विक्रम आहेत. त्यांच्या नंतरच्या उरुसवर ३०१५ आला. ३० आणि १५ यांची बेरीज ४५, म्हणजे त्यांच्या जर्सीचा आकडा. पैशाने मिळणाऱ्या नंबरात कर्तृत्व इतके स्पष्ट वाचता यावे असे क्वचित घडते.

उंची हे या गाडीचे मुंबईतले सर्वांत व्यवहार्य आकर्षण. जमिनीला चिकटून चालणारी स्पोर्ट्‌स कार इथल्या गतिरोधकांवर घासते आणि जून ते सप्टेंबर पार्किंगमध्येच राहते. दादर-परळच्या सीमेवरचा हिंदमाता चौक पावसात वर्षानुवर्षे तुंबत आला आहे. महापालिकेने तिथे रस्ता उंचावला आणि पाणी साठवायला भूमिगत टाक्या बांधल्या. रेंज रोव्हर ९०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते. २६ जुलै २००५ च्या महापुराचा अनुभव असलेल्या शहरात हा आकडा लोक ‘पिकअप’च्या आकड्याइतक्याच लक्षपूर्वक विचारतात. उंच आसनावरून पुढची वाहतूक दिसते, आणि रस्त्यावरच्या माणसाला मान वर करून पाहावे लागते. दुसरी गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही, पण विक्री तिच्यावरही होते.

सत्तेशी असलेले नाते याच उंचीतून आले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मला बंदी केली आणि १ मे २०१७ पासून पदाधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा गेला. त्यानंतर पद सांगायचे काम गाडीच्या आकाराने आणि ताफ्याने घेतले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कार्यकर्त्यांपासून पुढाऱ्यांपर्यंत पांढऱ्या फॉर्च्युनरने जी जागा व्यापली होती, तिच्या वरच्या पायरीवर आता डिफेंडर आणि रेंज रोव्हर दिसतात.

किमतीचा मोठा भाग करांचा आहे. पूर्ण तयार आयात होणाऱ्या महाग गाडीवर सीमाशुल्क आणि अधिभार मिळून ११० टक्के बसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. आधी तो उपकरासह ५० टक्के होता. महाराष्ट्रात आयात किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के एकरकमी रस्ताकर लागतो, पण त्याला कमाल मर्यादा आहे : पूर्वी २० लाख, १ जुलै २०२५ पासून ३० लाख. म्हणजे चार कोटींच्या गाडीला ८० लाख होतील तिथे ३० लाख भरावे लागतात, आणि दहा लाखांची गाडी घेणाऱ्याला अशी सवलत नाही. ही मर्यादा लेखकाला न्याय्य वाटत नाही. २०२४ पासून रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट पुण्यात जोडल्या जाऊ लागल्या आणि त्यांच्या किमती उतरल्या. जुन्या गाड्यांच्या बाजाराने हा वर्ग आणखी खाली आणला आहे; मात्र देखभाल, विमा आणि टायर यांचा खर्च नव्या किमतीच्या मापानेच येतो.

वेगाला या भागात जागा नाही. गिरगावच्या वाड्यांत दोन मीटर रुंदीची गाडी वळतही नाही. ११ मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या किनारी मार्गावर सरळ रस्त्यात ताशी ८०, बोगद्यात ६० आणि वळणावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे. जास्तीची ताकद ही बहुतेक मालकांसाठी हाताशी असलेली, न वापरलेली ठेव असते आणि तशी ती राहिली तर तिच्यात दोष नाही. रात्री एक्झॉस्ट गर्जवत जाणाऱ्यांनी मात्र या गाड्यांचे नाव बरेच खराब केले. ७ जुलै २०२४ च्या पहाटे वरळीत एका आलिशान गाडीने ससून डॉकवरून मासळी घेऊन येणाऱ्या कोळीवाड्यातल्या दांपत्याच्या स्कूटरला धडक दिली, पत्नीचा मृत्यू झाला आणि चालक पळून गेला. त्याच वर्षी १९ मे रोजी पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण अभियंते गेले. पुण्यातली ती गाडी एसयूव्ही नव्हती, तरी महाग गाडीच्या प्रत्येक मालकाकडे पाहण्याची लोकांची दृष्टी त्यानंतर बदलली, आणि ती बदलायलाच हवी होती. ज्यांना गाडीची खरी ताकद अनुभवायची आहे त्यांच्यासाठी चेन्नई, कोइमतूर आणि ग्रेटर नोएडा येथे रेसिंग ट्रॅक आहेत. त्यांनी तिथे जावे, आणि लालबाग-गिरगावच्या रस्त्यांवर पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यावी.