एका मूळ संख्येची पंचाहत्तर वर्षे

२ च्या १२७ व्या घातातून १ वजा केला असता १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७ ही ३९ अंकी संख्या मिळते. ती मूळ असल्याचे फ्रेंच गणितज्ञ एद्वार ल्यूका याने १८७६ साली जाहीर केले, आणि १९५१ पर्यंत तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणासही ज्ञात नव्हती. इतिहासग्रंथांत १८७६ हे वर्ष निःशंकपणे दिले जाते. परंतु त्या वर्षी नेमके काय सिद्ध झाले, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

मेर्सेनने १६४४ च्या आपल्या यादीत १२७ हा घातांक दिला होता खरा. पण त्याच यादीतील ६७ व २५७ पुढे चुकीचे ठरले. म्हणजे तो पुरावा नव्हे. ३१ या घातांकाचा निकाल ऑयलरने १७७२ च्या सुमारास भागाकारांनी लावला. येथे तो मार्ग बंद होता, कारण या संख्येचे वर्गमूळच वीस अंकी आहे. विभाजक असल्यास तो २५४ च्या पटीहून एकाने अधिक असला पाहिजे. पण एवढ्या सवलतीने काय साधणार?

ल्यूकाने विभाजकांचा शोधच टाळला. ३ पासून आरंभ करावा, प्रत्येक पदाचा वर्ग करून २ वजा करावेत आणि तपासावयाच्या संख्येने भागून शेष तेवढा ठेवावा. घातांक चारने भागल्यास ३ उरत असतील, तर घातांकाहून एकाने कमी क्रमांकाचे पद शून्य होणे हे मूळत्वाचे गमक होय. ७ या घातांकासाठी, म्हणजे १२७ साठी, ही पदे ३, ७, ४७, ४८, १६, ० अशी येतात. सहावे पद शून्य, म्हणून १२७ मूळ. आपल्या संख्येसाठी असे १२५ वर्ग करावे लागतात. द्विमान पद्धतीत १२७ स्थानांपलीकडचे अंक पुन्हा आरंभी आणून मिळविले की भागाकार आपोआप होतो. म्हणून ल्यूकाने या कामासाठी बुद्धिबळाच्या पटासारखा १२७ गुणिले १२७ चौकोनांचा पट योजिला होता.

उणीव होती ती प्रमेयाच्या सिद्धतेत. ल्यूकाचे युक्तिवाद घाईचे आणि कित्येक ठिकाणी अपुरे आहेत. १९३० साली डी. एच. लेमरने संपूर्ण सिद्धता दिली. आरंभ ४ पासून केल्यास हीच कसोटी सर्व विषम मूळ घातांकांना लागू पडते, आणि ती आवश्यक तशीच पुरेशीही आहे, असे त्याने दाखविले. शोधाचे श्रेय ल्यूकाचेच, याविषयी माझ्या मते वाद नसावा. निर्दोष पुराव्याचे वर्ष मात्र १८७६ मानता येत नाही.

१९५१ साली फेरिएने टेबलावरील गणनयंत्राच्या साहाय्याने ४४ अंकी मूळ संख्या शोधली. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये मिलर व व्हीलर यांनी एड्सॅक यंत्रावर ७९ अंकी संख्या सिद्ध केली. ही संख्या म्हणजे ल्यूकाच्या संख्येच्या वर्गाची १८० पट अधिक १. तिची सिद्धता तिच्याहून एकाने लहान संख्येचे सर्व मूळ अवयव ठाऊक असण्यावर उभी होती. जुनी संख्या मूळ नसती, तर नव्या विक्रमाची ती सिद्धताही टिकली नसती.