'बॉस्टन लीगल' : न्यायालयातील राजकारण

डेव्हिड ई. केली यांची 'बॉस्टन लीगल' ही मालिका अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर २००४ ते २००८ या काळात प्रसारित झाली. बॉस्टनमधील एका बड्या वकिली संस्थेतील खटले हे तिचे निमित्त. इराक युद्ध, तंबाखू कंपन्या, बंदूक बाळगण्याचा हक्क व मृत्युदंड हे तिचे खरे विषय.

वकील अ‍ॅलन शोअर (जेम्स स्पेडर) उदारमतवादी, तर संस्थेचा संस्थापक भागीदार डेनी क्रेन (विल्यम शॅटनर) कट्टर रिपब्लिकन आणि बंदुकांचा शौकीन. मते टोकाची असूनही दिवसाअखेर दोघे सज्जात सिगार ओढत गप्पा मारतात.

एप्रिल २००८ मधील एका भागात शोअर सर्वोच्च न्यायालयात उभा राहतो. त्याच्या अशिलाला बालिकेवरील बलात्काराबद्दल लुइझियाना राज्यात मृत्युदंड झालेला असतो. याच प्रश्नावरील 'केनेडी विरुद्ध लुइझियाना' या प्रत्यक्षातील खटल्याची सुनावणी त्याच महिन्यात झाली. पीडित बालकाचा मृत्यू झाला नसेल तर अशा गुन्ह्यास मृत्युदंड देता येणार नाही, असा निकाल जूनमध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी लागला.

अखेरच्या भागात, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या डेनीच्या उपचारांचे निर्णय अ‍ॅलनला घेता यावेत यासाठी हे दोघे मित्र विवाह करतात. मॅसॅच्युसेट्समध्ये समलिंगी विवाहास २००४ पासून मान्यता होती. मतभेदांपलीकडच्या मैत्रीला कायद्यात स्थान कोणते, या प्रश्नापाशी मालिका संपते.