लिथियमची लाल ज्योत आणि बारा तासांचा नियम

तारेवर क्षार घेऊन ज्योतीत धरण्याचा प्रयोग आपण मुलांना दाखवतो. सोडियमने ज्योत पिवळी होते, लिथियमने किरमिजी. याच किरमिजी रंगाने मनोरुग्ण कक्षातील रक्ततपासणीला शिस्त लावली, हे मात्र सांगायचे राहून जाते.

१९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी लिथियमचे क्षार उन्मादावर गुणकारी असल्याचे जाहीर केले. पण गुणकारी आणि विषारी मात्रेत अंतर फार थोडे. केड यांचा पहिलाच रुग्ण बरा झाला, पुन्हा आजारी पडला आणि १९५० साली लिथियमच्या विषबाधेने दगावला. त्या रुग्णालयात रक्तातील लिथियम मोजलेच जात नव्हते.

१९५० च्या दशकात मेलबर्नमध्ये ट्राउटनर यांनी आणि डेन्मार्कमध्ये मोगेन्स स्काऊ यांनी ते फ्लेम फोटोमीटरने मोजले. पातळ केलेल्या रक्तजलाचा फवारा ज्योतीत सोडायचा आणि लाल प्रकाशाची तीव्रता मोजायची. शाळेतलाच प्रयोग, पण आकड्यांत!

तरीही अडचण उरली. गोळी घेतल्यावर रक्तातील पातळी चढते, मग हळूहळू उतरते. एकाच रुग्णाचे सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळेनात. डेन्मार्कच्याच आमडिसेन यांनी १९७० च्या दशकात नियम रूढ केला: शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनीच रक्त घ्यावे. म्हणजे रात्री आठला गोळी, सकाळी आठला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती त्यानंतर. मूत्रपिंड व थायरॉइडच्या तपासण्याही त्याच वेळी उरकल्या, तर दुसऱ्यांदा सुई टोचावी लागत नाही. नळीत मात्र लिथियम हेपारिन नसावे. नाहीतर नळीतलेच लिथियम मोजले जाते.

वर्धा जिल्ह्यात या नियमाचे मोल अधिक. सेवाग्रामला १९६९ साली ग्रामीण भागासाठी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने लिथियमला मान्यता दिली. वर्ध्याचा मे महिना आपल्याला ठाऊक आहे. घामावाटे पाणी व मीठ जाते. मूत्रपिंड सोडियम राखू पाहते आणि त्याबरोबर लिथियमही राखते. मात्रा तीच असूनही पातळी वाढते. अशा दिवसांत गोळी घेऊन लगेच दिलेले रक्त डॉक्टरांना फसवते: खरा धोका कोणता आणि नुकत्याच घेतलेल्या गोळीचा चढ कोणता, हे कळत नाही. तपासणी पुन्हा करावी लागते. घरी राहून उपचार घेणाऱ्याचे बसभाडे आणि दिवसाची मजुरीही बुडते.

आता अनेक प्रयोगशाळांत ज्योतीची जागा इलेक्ट्रोडने घेतली आहे. बारा तासांचा नियम तसाच आहे, आणि तो पाळायला घड्याळाखेरीज काही लागत नाही. ज्योतीचा प्रयोग दाखवताना मुलांना ‘किती?’बरोबर ‘केव्हा मोजले?’ हेही विचारायला शिकवूया.