राहत होते, राहतात की राहत आले आहेत?

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं आणि चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीचं, जंगल इंग्रजी कागदावर उतरू लागलं. नव्या साहेबांनी जमीन मोजली, गावं नोंदवली, सागाची झाडं नोंदवली, माणसंही नोंदवली. हे सगळं लिहायचं तर प्रत्येक वाक्याला कुठला तरी काळ द्यावा लागतो. साहेबांनी तो दिला. दीडशे वर्षांनी हीच वाक्यं पुरावा म्हणून पुन्हा उघडली जातील, हे त्यांच्या गावीही नसणार.

चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा सेटलमेंट रिपोर्ट मेजर लुसी स्मिथ यांनी १८६९ मध्ये लिहिला. १९०९ मध्ये जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड आले. या धाटणीचं लेखन वाचताना एक गंमत ध्यानात येते. बल्लारपूरहून चांद्याला राजधानी हलवणारे, कोट बांधणारे गोंड राजे भूतकाळात असतात. १७५१ मध्ये त्यांचं राज्य भोसल्यांनी घेतलं, तेव्हा ते साहजिकच आहे. पण त्या राजांची प्रजा मात्र साध्या वर्तमानकाळात असते: गोंड मोह वेचतो, माडिया फिरती शेती करतो, मध काढतो. जणू या माणसांच्या आयुष्यात काही घडतच नाही, ती नुसती असतात. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना बंड केल्याबद्दल २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात याच सरकारनं फाशी दिली होती, तरीही!

मानववंशशास्त्रात ही लकब पुढे इतकी रुळली की योहानेस फेबियन या अभ्यासकानं १९८३ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. लोकांना वर्तमानकाळात लिहायचं आणि स्वतःच्या काळातून मात्र बाहेर ठेवायचं, हा त्याचा आक्षेप. आक्षेप रास्त आहे. चांद्याच्या बाबतीत मात्र या लकबीचा पुढे उलटा उपयोग झाला.

त्याआधी वन कायद्याकडे वळावं लागेल. १८७८ च्या कायद्याचा साचा १९२७ च्या भारतीय वन कायद्यात कायम राहिला. त्यात राखीव जंगल कसं करायचं ते सांगितलं आहे. वनव्यवस्था अधिकाऱ्यानं आसपासच्या गावांत स्थानिक भाषेत जाहीरनामा लावायचा, हक्क सांगायला किमान तीन महिने द्यायचे. मग येतं नववं कलम: ज्या हक्काबद्दल दावा ‘केला गेलेला नाही’ आणि चौकशीतही ज्याचा पत्ता ‘लागलेला नाही’, तो हक्क संपेल. इंग्रजीत पहिले दोन भाग पूर्ण वर्तमानकाळात आहेत, शेवटचा ‘शॅल’ लावून हुकमाच्या सुरात. सबळ कारण दाखवणाऱ्यासाठी एक फट ठेवली होती, पण ती सापडायला आधी कागद वाचता यायला हवा. पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट आणि तीन महिन्यांची मुदत असा हा सामना होता.

मराठी माणसाला इंग्रजीचा हाच पूर्ण वर्तमानकाळ सर्वांत छळतो. ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतो’ हे शुद्ध मराठी आहे. आपला साधा वर्तमानकाळ मागची दहा वर्षं सहज पोटात घेतो. इंग्रजीत तेच साध्या वर्तमानकाळात लिहिलं की मास्तरांची लाल रेघ. तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं, शिवाय ‘सिन्स’ की ‘फॉर’ ही कटकट वेगळीच. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा नमुना म्हणून समोर लिंडले मरे यांचं इंग्रजी व्याकरण होतं. म्हणजे इंग्रजीचा चष्मा मराठीच्या डोळ्यांवर आधीच चढला होता. पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली, मग रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड व्याकरण. बारा काळांचा तक्ता पिढ्यांनी घोकला.

याच जंगलातल्या भामरागडच्या माडिया मुलाचा घाट दुहेरी. घरची माडिया ही द्राविडी कुळातली, तिथे क्रियापद नेहमी कर्त्याच्या मागे चालतं. शाळेच्या मराठीत भूतकाळ आला की ते कर्माकडे पळतं: पोरानं भाकर खाल्ली, पोरीनं आंबा खाल्ला. हे अंगवळणी पडतं न पडतं तोच इंग्रजी येऊन उभी. तिथल्याच हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा १९७६ मध्ये सुरू झाली. राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० मध्ये.

आणि २००६ मध्ये त्या तक्त्यातला तोच छळणारा काळ थेट जंगलावर बेतलेल्या कायद्यात अवतरला. वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकातच पिढ्यान्पिढ्या जंगलात राहत आलेल्या, पण ज्यांचे हक्क नोंदवले गेले नाहीत अशा लोकांचा उल्लेख आहे. इंग्रजी शब्द आहेत ‘हॅव बीन रिझायडिंग’, आणि पुढे ‘फॉर जनरेशन्स’. शाळेतलं उदाहरण जसंच्या तसं! ‘राहत होते’ लिहिलं असतं तर तो इतिहास झाला असता. ‘राहतात’ लिहिलं असतं तर कालपरवा आलेलाही त्यात बसला असता. कायद्याला मागचं आणि आजचं दोन्ही एका क्रियापदात बांधायचं होतं. सामूहिक वनस्रोताचं, म्हणजे गावाच्या परंपरागत सामाईक जंगलाचं, रक्षण करण्याच्या हक्कातही गाव ते ‘करत आलं आहे’ असंच म्हटलं आहे. त्याच वनस्रोताच्या व्याख्येत मात्र साधा भूतकाळ: जिथे गावाची परंपरेनं ये-जा ‘होती’. तोही चपखलच. ज्यांची वाट मधल्या काळात अडवली गेली, त्यांनाही दारात उभं राहता येतं.

खरी ओढाताण झाली ती ‘इतर पारंपरिक वननिवासी’, म्हणजे अनुसूचित जमातींत न मोडणारे, यांच्या व्याख्येवर. १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या जो जंगलात ‘राहिलेला आहे’ आणि जो त्यावर ‘अवलंबून असतो’, असं एकाच वाक्यात दोन काळांत लिहिलं आहे. पिढी म्हणजे पंचवीस वर्षं, म्हणजे हिशेब १९३० पर्यंत मागे जातो. पंचाहत्तर वर्षांची अट वास्तव्याला आहे की हातातल्या शेताच्या तुकड्यालाही, यावर वाद झडले. अट वास्तव्याची आहे, प्रत्येक तुकड्याच्या ताब्याची नाही, असा खुलासा केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाला करावा लागला.

२००८ च्या नियमांतला तेरावा नियम पुराव्यांची यादी देतो. तिच्यात गॅझेटियर आहेत, सेटलमेंट रिपोर्ट आहेत, रीतिरिवाजांच्या अभ्यासनोंदी आहेत. माडियांना इतिहासाबाहेर बसवणारा साहेबाचा वर्तमानकाळ इथे त्यांच्याच कामी येतो. ‘वेचतो’ असं १९०९ मध्ये छापलेलं असेल आणि आजही वेचत असेल, तर मधली शंभर वर्षं ‘वेचत आला आहे’ मध्ये भरून निघतात.

याच यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही आहेत, आणि इथे जोखीम मराठीची आहे. मराठीला रीतिकाळ आहे. ‘आम्ही या जंगलातून बांबू आणत असू’ हे वाक्य कानाला गोड, जुन्या आठवणीला शोभणारं. पण ते सवय सांगतं आणि ती सुटल्याचंही सुचवतं. ‘आणत आलो आहोत’ म्हटलं की वहिवाट चालू राहते. म्हातारबा बोलतात गोंडीत, लिहिणारा लिहितो मराठीत, तपासणाऱ्यापुढचा मूळ कायदा इंग्रजीत.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं या कायद्याखाली दावा केला आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. बांबू विकायला तरीही वन खात्याचा वाहतूक परवाना आडवा येत होता. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. दाव्यांचं काम अजून संपलेलं नाही. गावातल्या ज्या शिकलेल्या मुलामुलींवर आजोबांचा जबाब लिहून घ्यायची वेळ येईल, त्यांनी सही किंवा अंगठा घेण्याआधी प्रत्येक वाक्याचं शेवटचं क्रियापद एकदा मोठ्यानं वाचून दाखवावं.