घराचा माल कोण मोजतं?

आम्ही पेडगावच्या बचत गटांतल्या बायका बोलतोय.

घरकुल मंजूर झालं की घरात आनंद होतो. पण वाळू, सिमेंट, सळईची बोलणी सुरू झाली की बाई चहा ठेवायला उठते. माल कुणाकडून घ्यायचा, किती आला, पावती कुठाय, हे सगळं बाहेर ओट्यावर ठरतं. आपल्याच मराठवाड्यात एकदा हे वेगळं घडलं होतं. ती हकीकत आज सांगायची आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर भागात जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक जण आपल्याच घराखाली सापडले. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं घर ते (पत्र्यापेक्षा आम्हाला आजही तेच बरं वाटतं), पण हादऱ्यात ते झोपलेल्या माणसांवरच आलं.

५२ गावं नव्या जागी वसवली गेली, त्याचं नाव झालं. तडे गेलेली सुमारे दोन लाख घरं जागच्या जागी दुरुस्त करायची होती, त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. हे काम ठेकेदाराकडे दिलं नव्हतं. नुकसान बघून १७ हजार किंवा ३४ हजार रुपयांची मदत घरमालकाला हप्त्याहप्त्यानं मिळायची. माल त्यानं आणायचा, गवंडी त्यानंच लावायचा.

पण पैसे आले म्हणून अक्कल आली असं होत नाही. भिंतीत आरपार जाणारा दगड कशासाठी, काँक्रीटचा पट्टा कशासाठी, माळवदावरची माती का कमी करायची, हे घरोघरी कोण सांगणार? इंजिनिअर थोडे आणि गावं शेकड्यांनी. तेव्हा प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था शासनासोबत उतरली आणि गावागावांतल्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ बायका पुढे आल्या. त्या आधी स्वतः शिकल्या, मग घरोघरी जाऊन सांगू लागल्या. काम कुठवर आलं, हप्ता का अडला, माल बरा आहे का, हे बघू लागल्या. काही ठिकाणी चार घरांनी मिळून माल घेतला, भाव एकत्र ठरवला. ज्यांना बांधकामातलं काही कळत नाही असं म्हटलं जायचं, त्याच बायका गवंड्याला कोपऱ्यातली सळई दाखवायला सांगू लागल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा यांतल्या काही जणी तिथल्या बायकांना शिकवायला गेल्या.

यात जादू कसली नव्हती, मोजमाप होतं. ते आपल्यालाही जमतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आतून १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि वाळू २ फूट उंच, सपाट भरलेली असेल, तर एक ब्रास. मधे ढीग आणि कडेला खड्डा असेल तर आधी फावडं मारून सपाट करायला लावायचं, मगच टेप धरायची. सळई वजनावर विकतात. ८ मिलिमीटरची ४० फुटी सळई साधारण पावणेपाच किलो भरते, म्हणून नग मोजले तरी वजनाचा अंदाज येतो. सिमेंटच्या गोणीवर कोणत्या आठवड्यातलं आहे ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

आज घरकुलाचे पैसेही हप्त्यानंच खात्यात येतात. महा आवास अभियानातून बचत गटांची ‘घरकुल मार्ट’ निघाली, म्हणजे एकेका घराऐवजी गटानं माल आणायचा. सोय चांगली आहे. आमचं म्हणणं एवढंच, की गल्ल्यावर बाई आणि भाव ठरवायला तिचा नवरा, असं असेल तर ते मार्ट नावालाच बायकांचं. तीन दुकानांची दरपत्रकं ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्यानं वाचावीत. ज्या दोघी माल मोजून घेतील त्यांची नावं ठरावात लिहावीत. पैसे देणारी तिसरी असावी. पावती गटाच्या फाईलला लावावी, कुणाच्या खिशात राहू नये.

आपल्याकडे काळी जमीन. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि कमी सिमेंटचा पाया ती लगेच दाखवून देते. तुमच्या गावात पायाचे खड्डे निघाले असतील, तर पहिली ट्रॉली रिकामी व्हायच्या आत टेप घेऊन जा.